तो व्हिडिओ कळंगुटचा नव्हता, मग मारहाण झालीच नव्हती का?

मागच्या अंकात पोलीस ठाण्यातल्या नोंदवह्यांविषयी मी चार ओळी लिहिल्या, आणि या महिन्यात आलेली निम्मी पत्रं त्याच विषयाची निघाली. बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर, एक मात्र चक्क आंतरदेशीय पत्रावर, तेही बारीक अक्षरात घडीपर्यंत भरलेलं. एकतीस वर्षं मी मराठी दैनिकात पोलीस बीट सांभाळली. रात्री नऊ वाजले की एकेका ठाण्याला फोन लावून "काय आहे का?" विचारायचं, हे माझं काम. तेव्हा उत्तरं वकिलाची नाहीत, बातमीदाराची आहेत, एवढं धरून वाचा.

भाई, आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चार पोलीस एका पोराला रस्त्यात पाडून लाठ्यांनी मारतात. खाली लिहिलेलं, 'काल रात्री कळंगुट. उद्या तुमचा मुलगा असेल.' माझे दोन्ही मुलगे त्याच बाजूला हॉटेलात कामाला जातात. छातीत धस्स झालं आणि मी तो तीन ग्रुपवर पाठवला. संध्याकाळी माझ्या बहिणीचा मुलगा आला, तो पोलिसात आहे. म्हणाला, "मावशी, हा गोव्यातला नाहीच." सगळ्यांसमोर मान खाली गेली. आता ग्रुपवर म्हणतात, पोलीस मारतात हीच अफवा. माझं एवढं चुकलं का? — एक वाचक, साखळी

ताई, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. पोलिसांच्या अंगात लोकरी जर्सी आहेत. कळंगुटला जर्सी घालून कोण फिरतो, जानेवारीतसुद्धा? मागे दुकानाची अर्धी पाटी दिसते, तीवर 'मिष्ठान भंडार'. ओरडणारी माणसं हिंदीत ओरडताहेत, एकाच्याही तोंडून कोंकणीतली हाक नाही. कडेला उभ्या जीपच्या नंबरात 'जीए' नाही. पाठवण्याआधी एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, आणि आवाज बंद करून बघितलं तर एकच. किंकाळी ऐकली की डोळे नीट बघत नाहीत.

पण तुमचं चुकलं ते तेवढंच. ग्रुपवर आता जे चाललंय ते मला जास्त घोर लावतं, कारण हा खेळ मी जवळून बघितला आहे, आणि त्यात मीही होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका टेंपोवाल्याला दुकानफोडीच्या संशयावरून रात्री उचललं. सकाळी सोडलं. चोर दुसराच निघाला. याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट भोपळ्यासारखं सुजलेलं. भावाने हाताचा फोटो फेसबुकवर टाकला, खाली साधं लिहिलं की काल रात्री असं असं झालं. दिवसभरात अकरा लाइक. सुजलेल्या बोटाला कोण विचारतो? मग रात्री कुणा उत्साही माणसाने त्याच मजकुराखाली एक व्हिडिओ चिकटवला. रक्ताने माखलेला माणूस, त्याला फरफटत नेणारे पोलीस. सकाळपर्यंत तो पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचला. दुपारी कुणीतरी शोधून काढलं की तो दोन वर्षांपूर्वीचा आणि परराज्यातला आहे. संध्याकाळी ठाण्यातून माझ्या फोनवर निरोप : अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई करणार, छापा. मी छापलं. चार ओळी, आठव्या पानावर. डेस्कवरच्या पोराने विचारलं, "ते फेक निघालं ना?" मी 'हो' म्हणालो.

बोट मोडलेलंच होतं, ताई. एक्स-रे होता. पण 'फेक' हा शब्द त्या व्हिडिओवरून घसरून एक्स-रेवर जाऊन बसला. घरच्यांनी तक्रार दिलीच नाही. म्हणाले, आधीच लोक खोटारडे म्हणताहेत. ज्याने तो व्हिडिओ चिकटवला त्याला टेंपोवाल्याची कणवच होती, यात शंका नाही. मारणाऱ्याला मात्र त्याच्याइतकी मदत कुठल्या वकिलानेही केली नसती.

तर आता एक करा. ज्या तीन ग्रुपवर पाठवला त्याच तीन ग्रुपवर लिहा : 'हा व्हिडिओ गोव्यातला नाही, माझी चूक झाली.' नुसता डिलीट करून गप्प बसू नका. खोटी माहिती पसरवून लोकांत घबराट उडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो, पण भल्या विश्वासाने पाठवणारा आणि मुद्दाम पेटवणारा यांत कायदाही फरक करतो. तुमच्या भाच्यालाही सांगा : व्हिडिओ खोटा ठरवलास ते बरं केलंस. मारहाण होतच नाही, हे मात्र तू म्हणाला नव्हतास. ते तुझ्या नावावर ग्रुपवाल्यांनी खपवलं.

पोलिसांनी प्रेसनोट काढली म्हणजे ती अधिकृत माहिती. तरी पत्रकार आणि फेसबुकवरचे शहाणे उलटंच लिहितात. खोटी माहिती म्हणायची तर ती यांची नव्हे का? — निवृत्त कर्मचारी, वास्को

अधिकृत म्हणजे कुणीतरी सही करून दिलेली. खरी की खोटी, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं उदाहरण जगाला ठाऊक आहे. २५ मे २०२० च्या रात्री तिथल्या पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूबद्दल जे पत्रक काढलं त्यात मथळ्यातच 'वैद्यकीय घटना' होती. एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरला होता, त्याबद्दल शब्दही नव्हता. सतरा वर्षांच्या एका मुलीने फुटपाथवरून मोबाइलवर टिपलं नसतं तर कदाचित तेच पत्रक शेवटचं ठरलं असतं. गुडघा साडेनऊ मिनिटांना एक सेकंद कमी इतका वेळ मानेवर होता, हे खटल्यात मोजून सांगितलं गेलं. २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आणि गंमत बघा, उलट्या बाजूनेही खोटं तेवढंच वाहत होतं. कुणी म्हणे मृत्यू हे सगळं नाटक, कुणी म्हणे अमली पदार्थानेच मेला. शवचिकित्सेत शरीरात फेंटानिल सापडलं होतं हे खरं. पण त्याच अहवालात हा मृत्यू दुसऱ्या माणसांच्या कृतीने झाला असंही नोंदलेलं होतं. अर्धा अहवाल वाचून दाखवणं हा खोटं बोलण्याचा फार सोयीचा प्रकार आहे, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो.

अमेरिका लांब राहिली म्हणाल. तमिळनाडूतलं साथानकुळम घ्या, वर्ष तेच, २०२०. लॉकडाऊनमध्ये दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याचा ठपका ठेवून बाप-लेकाला नेलं आणि काही दिवसांत दोघेही गेले. पोलिसांच्या एफआयआरमध्ये लिहिलं होतं की ते जमिनीवर लोळले आणि स्वतःलाच इजा करून घेतली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने न्यायदंडाधिकाऱ्यांना ठाण्यात पाठवलं. तिथे कॅमेरे होते, साठवायला जागा होती, पण रोजचं चित्रण रोज आपोआप पुसलं जाईल अशी मांडणी करून ठेवलेली. शेवटी बोलली ती त्याच ठाण्यातली एक महिला हेडकॉन्स्टेबल. रात्रभर मारलं, लाठ्यांवर रक्त होतं, असं तिने सांगितलं. पोलिसांचं खोटं पोलिसानेच उघडं पाडलं, हे लोक विसरतात. याच प्रकरणात एका गायिकेचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी बघितला होता. तपास यंत्रणेने त्यातली वर्णनं अतिरंजित ठरवली आणि तिने तो काढून टाकला. लगेच एक टोळी म्हणायला लागली, बघा, सगळंच अतिरंजित!

आणि परभणी तर आपल्याच भाषेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मरण पावला. मारहाण झाली नाही, त्याला श्वासाचा विकार होता, असं विधानसभेत सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात कारण होतं, अनेक जखमांनंतरचा धक्का. २०२५ च्या जुलैत औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

माझ्या वहीत 'पळताना पडून जखमी' हे वाक्य किती वेळा आहे, मी एकदा मोजायला बसलो होतो. मध्येच सोडून दिलं. पडणारा माणूस गुडघ्यावर आणि तळहातावर पडतो, एवढं मी लहानपणी शेताच्या मेरेवरून धावताना शिकलो होतो. त्या प्रेसनोटमधली माणसं पाठीवर आणि तळपायावर पडायची. तरी मी छापत होतो, कारण उद्या रात्री पुन्हा त्याच ठाण्याला फोन लावायचा होता. सगळे पोलीस मारकुटे असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीतून जखमीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचवणारे हवालदारही मी पाहिलेत. पण प्रेसनोट ही एका बाजूची बाजू. तिच्यावर अशोकस्तंभ छापला म्हणून ती दोन्ही बाजूंची होत नाही.

मुलाला रात्री चौकशीला म्हणून नेलं, पहाटे सोडलं. कागद कसलाच नाही. पाठीवर वळ आहेत, बसता येत नाही. शेजारी म्हणतात फोटो फेसबुकवर टाक, मिनिस्टरला टॅग कर. दीर म्हणतात गप्प बस. काय करू? — एक आई, डिचोली तालुका

माउली, हे छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला मी फोन केलाच होता. इतरांसाठी लिहितो.

आधी सरकारी इस्पितळ. फेसबुक नंतर, किंवा कधीच नाही. लाठीचा ताजा वळ रुळासारखा दिसतो : दोन समांतर लाल रेषा, मधे फिकट पट्टा. डॉक्टरला तो ओळखता येतो. पण हा रंग थांबत नाही. लालाचा निळा, निळ्याचा हिरवट, मग पिवळा, आणि आठ-पंधरा दिवसांत कातडी कोरी. मग तुमच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द. केसपेपर काढताना 'पडलो' म्हणू नका. माणसं भीतीने तेच सांगतात आणि पुढे तोच कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. कुणी, कुठे, कशाने मारलं ते सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित वैद्यकीय प्रकरण, म्हणून नोंद करायला लावा. तळपायावर मारलं असेल तर तेही सांगा. तिथे वरून फारसं दिसत नाही.

फोटो काढा, पण आपल्याजवळ ठेवा. एक अंगभर, एक जवळून, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. (निदान त्याला तरी वर्तमानपत्र उपयोगी पडू दे.)

मग कॅमेऱ्याचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायचा आणि चित्रण अठरा महिने, अगदी नाहीच जमलं तर किमान एक वर्ष जपायचा आदेश दिला आहे. तरी साथानकुळम आठवा आणि त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना साधा अर्ज द्या : अमुक तारखेचं, रात्री इतक्या ते पहाटे इतक्यापर्यंतचं चित्रण जपून ठेवा. पोच घ्या. तो पोचेचा शिक्का हजार शेअरपेक्षा जड असतो. पुढे 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर आलं तर ते कुणाला तरी सही करून द्यावं लागतं.

अटक केली असती तर अटकेचा कागद करावा लागला असता, त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका माणसाची सही लागली असती, नातेवाइकाला कळवावं लागलं असतं. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यापासून हे आहे. म्हणूनच 'जरा चौकशीला चल' हा शब्द वापरतात. कागद नाही म्हणजे रात्र घडलीच नाही! तुमच्या मुलाने नेल्याची आणि सोडल्याची वेळ, गाडी, गणवेशावरची नावं, ठाण्यात आणखी कोण बसलं होतं, चहा कुणी आणून दिला, हे आजच्या आज वहीत लिहून ठेवावं. चहावाला पोर चांगला साक्षीदार असतो. त्याला सगळी नावं ठाऊक असतात.

तक्रार पणजीत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. प्रकाश सिंग खटल्याच्या २००६ च्या निकालातून ही प्राधिकरणं आली. गोवा मानवाधिकार आयोगाकडेही जाता येतं, पण घटनेपासून वर्षाच्या आत. मराठीत लिहा, बिनधास्त. आपल्याकडे ठाण्यातलं लिखाण बहुतेक इंग्रजीत चालतं आणि 'वाचून दाखवलं, बरोबर आहे' म्हणून माणसं खाली सही ठोकतात. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, हे अजूनही कित्येकांना माहीत नाही. पुढे कधी कोर्टात हजर केलं आणि दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "काही तक्रार आहे?" तर मागे पोलीस उभा असला तरी सदरा वर करून दाखवायचा.

दिरांना रागावू नका. ते घाबरलेत, आणि उगाच घाबरलेले नाहीत.

कोठडीत मेलेल्या एका माणसाच्या पाठीचा फोटो फिरतोय, सगळी पाठ जांभळी. हा तर उघड मार आहे ना? — महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा

नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरून साचतं. प्रेत उताणं ठेवलेलं असेल तर काही तासांत पाठ जांभळी होते, आणि जमिनीला टेकलेले खांद्याचे व कुल्ल्यांचे भाग पांढरेच राहतात. तुझ्या फोटोत तसे पांढरे पट्टे आहेत. मार असेल तर छेद दिल्यावर रक्त मांसात मुरलेलं सापडतं, नुसतं साचलेलं रक्त पुसलं जातं. हे शवविच्छेदनातच कळतं, आणि कोठडीतल्या मृत्यूत शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं अशी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची १९९५ पासूनची सूचना आहे. तेव्हा मागायचं तर ते चित्रीकरण मागा. चौकशीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडून व्हायला हवी, तसं कायद्यातच आहे. मार नव्हता असं मी म्हणत नाही. जांभळी पाठ दाखवून 'बघा मार' म्हणालास, उद्या डॉक्टरने ते खोडलं, की बरगडी मोडलेली असली तरी तिच्याकडे कुणी बघणार नाही.

चोराला दोन फटके दिले तर एवढा गहजब कशाला? त्याशिवाय तो बोलतो का? हैदराबादला पोलिसांनी केलं तेच योग्य. — एक शिक्षक, मडगाव

गुरुजी, आंतरदेशीय पत्र तुमचंच. अक्षर सुरेख आहे.

हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनातल्या चार संशयितांना पहाटे गोळ्या घातल्या तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यूजरूममध्ये आमच्याकडेही पेढे आले होते. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष न्यायमूर्ती सिरपूरकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस. २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला : पोलिसांची हकीगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळीबार ठार मारण्याच्या इराद्यानेच झाला, दहा पोलिसांवर खटला चालवा. त्या अहवालाच्या दिवशी कुणी फुलं परत गोळा केली नाहीत. ते चौघे गुन्हेगार होते की नव्हते हे आता कुठल्याच कोर्टात ठरणार नाही, आणि त्या बिचाऱ्या मुलीच्या घरच्यांनाही ते कधी पुराव्याने कळणार नाही.

फटके दिल्यावर चोर बोलतो, हे खरं आहे. पण जो चोर नसतो तोही बोलतो. माझा टेंपोवाला पहाटे चार वाजता 'होय, मीच फोडलं' म्हणाला होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या पुरावा कायद्यातला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कलम २३ म्हणून तसाच आलाय. इंग्रजांचासुद्धा आपल्या हाताखालच्या पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता म्हणायचं!

आणखी एक, जरा टोचेल. मारहाणीच्या बातमीखाली गोव्यात पहिली प्रतिक्रिया काय येते, बघितलीत? 'घाटी असेल.' बांधकामावरचा, मासेमारीच्या होडीवरचा, भाड्याच्या खोलीतला माणूस असला की दोन फटके चालतात. आपल्या वाड्यावरचा निघाला की लगेच ठाण्यावर मोर्चा. तुमच्या पत्रात 'चोर' शब्द नऊ वेळा आहे. 'संशयित' एकदाही नाही.

पोलिसांचं शूटिंग केलं तर फोन काढून घेतात. करता येतं की नाही? — नाव नको, म्हापसा

सार्वजनिक रस्त्यावर करता येतं. तसं करू नये असा कायदा नाही. ठाण्याच्या आत केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावला होता, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नव्हे. आपलं उच्च न्यायालयही तेच. पण चार पावलं मागे उभं राहा, मधे घुसू नका, नाहीतर कामात अडथळा म्हणून कलम लागतं.

सुरुवातीला दोन सेकंद दुकानाची पाटी, कदंबा बसचा थांबा, असं काहीतरी फ्रेममध्ये घ्या आणि तारीख-वेळ तोंडाने बोला. मधे थांबवू नका. 'याआधी काय झालं ते कापलं' असं म्हणायला जागा राहते. पीडिताच्या तोंडावर कॅमेरा नेऊ नका, त्याला उद्या याच गावात भाजी घ्यायची असते. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला व्हिडिओ दाबला जातो, त्यातली तारखेची माहिती निघून जाते. वकिलाला द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. कोर्टात त्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते ज्याच्या फोनने टिपलं त्याला द्यावं लागतं. म्हणजे ज्याने काढला त्याचं नाव कधीतरी कुठेतरी येणार. ते चालणार असेल तरच रेकॉर्डचं बटण दाबा, असं मी म्हणणार नाही. दाबा. नावाचं आपण मागाहून बघू, माझा नंबर संपादकांकडे आहे.